मागे गिरणी चालू असते का?

गेली सहा वर्षं मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यघटना, स्पर्धा परीक्षेला जे लागेल ते. स्टुडिओ वगैरे काही नाही. नागपुरातल्या आमच्या घराची मागची खोली, एक माइक आणि मुलासाठी २०१३ साली घेतलेला कॉम्प्युटर, एवढंच भांडवल. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर गेला, कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर आहे, २०१२ सालचा. एसएसडी टाकली, रॅम आठ जीबी केली, आणि माझ्या कामाला तो आजही पुरून उरतो.

एका उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, वाचन छान आहे तुमचं, पण मागे गिरणी चालू असते का?" तो पुस्तकं दीडपट वेगानं ऐकतो. वेग वाढवला की मागची घरघर थरथरू लागते आणि शब्दांच्या कडा खाते. माझ्या कानाला त्या घरघरीची सवय झाली होती, म्हणून मला ती कधी ऐकूच आली नव्हती. गिरणी कुठली, प्रोसेसरवरचा पंखा होता तो. तो शांत करायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे शिकले ते इथे लिहिते आहे, कारण जुना कॉम्प्युटर फेकून न देता वापरणारी माणसं माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत.

१. आधी कान लावा, मग बाजारात जा.

डब्यातून येणारा प्रत्येक आवाज प्रोसेसरच्या पंख्याचा नसतो. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला पंखा असतो, कॅबिनेटला मागे एक असतो, हार्ड डिस्क स्वतः गुणगुणत असते. नवा कूलर आणायचा आणि मग कळायचं की आवाज हार्ड डिस्कचाच होता, असं व्हायला नको.

मी एक मिनिट गप्प बसून खोलीतली शांतताच रेकॉर्ड केली. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रम काढला. त्यात चार उंच रेघा दिसल्या. ५० आणि १०० हर्ट्झच्या रेघा विजेच्या, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून. १२० हर्ट्झची रेघ हार्ड डिस्कची, कारण ती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. आणि सगळ्यात उंच, २४५ च्या आसपास, ती पंख्याची. पंख्याचा हिशोब सोपा आहे: मिनिटाचे फेरे गुणिले पात्यांची संख्या, भागिले ६०. माझ्या पंख्याला सात पाती आणि बायोसमध्ये वेग दिसत होता २१०० च्या आगेमागे. गणित तंतोतंत जुळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला शत्रू डोळ्यांना दिसला.

एवढं करायचं नसेल तर कॅबिनेटचं झाकण उघडून पंख्याच्या मधल्या गोलावर बोट हलकेच टेकवून तो दोन-तीन सेकंद थांबवा. पात्यांना हात लावू नका. आवाज थांबला तर चोर सापडला.

२. आवाज किती आहे याच्याइतकंच तो कुठे आहे हे महत्त्वाचं.

हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा. बाईच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो. माझा २१० च्या आसपास आहे. म्हणजे पंख्याची २४५ ची रेघ माझ्या आवाजाच्या घरात शिरून बसली होती. सॉफ्टवेअरनं ती घरघर काढायला गेलं की माझाही आवाज सोलून निघायचा, आणि पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं ऐकू यायचं. तीच रेघ खाली १०० च्या आसपास गेली असती, तर १२० च्या खालचं सगळं कापून टाकता आलं असतं आणि माझ्या आवाजाला धक्काही लागला नसता.

खोक्यावर डेसिबलचा आकडा छापलेला असतो. तो आवाजाची जात सांगत नाही. बारीक शिट्टीसारखा २५ डेसिबलचा आवाज जितका छळतो, तितका वाऱ्यासारखा ३० डेसिबलचा छळत नाही. ज्याच्या खोलीत तान्हं बाळ झोपतं किंवा श्रवणयंत्र लावणारे आजोबा बसतात, त्यालाही हे लागू आहे. फक्त रेकॉर्डिंगवाल्यांचाच हा प्रश्न नाही.

३. शांतता म्हणजे सावकाश फिरणारा पंखा. बाकी सगळं त्यासाठी.

पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्माच झाल्यासारखा वाटतो. म्हणजे वेग उतरवण्यासारखा दुसरा उपाय नाही. पण वेग निम्मा केला की हवाही निम्मीच येते. मग तेवढ्या हवेत उष्णता निघायची तर हवेला घासून जायला जास्त जागा हवी, म्हणजे जास्त पत्रे हवेत. मोठा कूलर घ्यायचा तो यासाठी.

प्रोसेसरबरोबर आलेला कूलर म्हणजे ॲल्युमिनियमचा एक गोल ठोकळा, त्याला सूर्याच्या किरणांसारख्या फांद्या, वर छोटा पंखा. टॉवर कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या उष्णता उचलून वर पत्र्यांपर्यंत नेतात. या नळ्या भरीव नसतात. आत जवळजवळ निर्वात पोकळी असते आणि थोडंसं पाणी. खालच्या गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ वर जाऊन थंड टोकाला पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं परत खाली येतं. विजेचा एक थेंबही लागत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही युक्ती प्रत्यक्षात आणली. ती आज माझ्या टेबलाखाली चालते आहे, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

४. नवा कूलर आणायच्या आधी एक दुपार ब्रशला द्या.

माझ्या जुन्या कूलरच्या फांद्यांमध्ये धुळीचा नमदा जमला होता, गोधडीच्या आतल्या कापसासारखा. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ काढली, पेस्ट बदलली, आणि पूर्ण भारावर ८४ अंशांवर जाणारं तापमान ७६ वर आलं. पंखाही थोडा उतरला. पुष्कळांचं काम इथेच भागेल. माझं भागलं नाही, कारण मला माइकसमोर बसायचं होतं.

दुकानात ब्लोअर मारून घेत असाल तर पंखा बोटानं धरून ठेवायला सांगा. वाऱ्यानं तो भलत्याच वेगानं फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

५. मोजपट्टी खिशात ठेवा.

मी ठेवली नाही. सीताबर्डीवर जाऊन १२० मिलिमीटरच्या पंख्याचा देखणा टॉवर घेऊन आले. दुकानदार चांगला माणूस होता, त्यानं विचारलंही, "एवढा मोठा कशाला घेऊन राहिल्या ताई? डबा कोणता आहे?" मी म्हटलं, मोठाच द्या. घरी येऊन मदरबोर्ड बाहेर काढून, घाम गाळून बसवला, आणि कॅबिनेटचं झाकण लावायला गेले तर ते लागेना. नळ्यांची टोकं झाकणाच्या पुढे बोटभर आली होती.

मग मोजलं. प्रोसेसरच्या वरच्या बाजूपासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत १४० मिलिमीटर. १२० च्या पंख्याचे बहुतेक टॉवर १५५ ते १६० उंच असतात. नावाजलेला हायपर २१२ इव्हो १५९ चा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अरुंद डब्यांत हे जात नाहीत. त्यांच्यासाठी ९२ मिलिमीटरच्या पंख्याचे टॉवर असतात, १२५ ते १४० उंचीचे. नॉक्टुआचा एनएच-यू९एस १२५ चा आहे. आडव्या, पाटीसारख्या डब्यासाठी तर त्याच कंपनीचा एनएच-एल९आय फक्त ३७ मिलिमीटरचा मिळतो. दुकानदारानं माझा टॉवर थोडे पैसे कापून परत घेतला, आणि मी तीन नळ्यांचा, १३६ मिलिमीटर उंचीचा घेऊन आले. चार मिलिमीटर शिल्लक राहिले.

मोजायच्या जागा तीन: वर झाकणापर्यंत, बाजूला रॅमपर्यंत, आणि मागे एसएमपीएसपर्यंत. रॅमवर उंच शोभेचे पत्रे असतील तर पंखा त्यांच्यावर आदळतो.

६. सॉकेट विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

इंटेलच्या बोर्डावर कूलरची चार भोकं चौकोनात असतात. २००४ पासूनच्या ७७५ सॉकेटला शेजारच्या दोन भोकांतलं अंतर ७२ मिलिमीटर. ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सगळ्यांना ७५. नव्या १७०० ला ७८. माझा बोर्ड ११५५ चा, त्यामुळे मधल्या बारा वर्षांतले बहुतेक कूलर मला चालतात. जुन्या बोर्डवाल्यांचं हे मोठं नशीब आहे. पण आता दुकानात फक्त १७०० साठी आलेले कूलरही दिसतात, म्हणून खोक्यावर ११५५ किंवा ११५एक्स लिहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

एएमडीचे एएम२ पासून एएम३ प्लसपर्यंतचे बोर्ड असतील तर प्लॅस्टिकच्या कंसाला अडकणारा आकडा असतो, तो सोपा. तिथे धोका दुसराच. जुनी पेस्ट चिकटलेली असते आणि कूलर सरळ ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बरोबर येतो, पिना वाकतात. थोडा वेळ कॉम्प्युटर चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा.

ऑफिसातून निघालेले, दुरुस्त करून विकलेले डबे घेणाऱ्यांनी फार जपावं. माझ्या बहिणीकडे तसा एक आहे. त्याच्या पंख्याच्या वायरला पाच पिना निघाल्या, बाजारातल्या पंख्याला चार. कूलरचे स्क्रू सरळ डब्याच्या पत्र्यात. तिथे आम्ही नवा कूलर घेतला नाही. धूळ काढली, पेस्ट बदलली आणि डबा टेबलावरून खाली ठेवला.

७. चार पिनांचा आवाज चार वेळा ऐकू आला पाहिजे.

माझ्या कूलरला पुश पिना आहेत. प्लॅस्टिकच्या चार खुंट्या, भोकात दाबायच्या, टक्क आवाज आला की बसली. खुंटीच्या डोक्यावर बाण असतो. तो काढण्याच्या दिशेला फिरलेला असेल तर कितीही दाबा, खुंटी धरत नाही. समोरासमोरच्या दोन आधी दाबायच्या, मग उरलेल्या दोन.

मला तीन टक्क ऐकू आले आणि चौथा आला असं मी धरून चालले. कॉम्प्युटर लावला, बायोस उघडला. आकडा डोळ्यांदेखत वर चढत होता: ५८, ७०, ८३. ९१ वर मी बटण दाबून बंद केला. छाती धडधडत होती. खरं तर या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंश आहे, आणि त्याच्या जवळ गेला की तो आपला वेग आपणच कमी करतो, तरीही जमलं नाही तर बंद पडतो. तो जळाला नसता. पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बोर्ड बाहेर काढून पाठीमागून पाहिलं. तीन भोकांतून पांढऱ्या पायांची जोडी फाकून बाहेर आली होती, मध्ये काळी खुंटी. चौथ्यात एकच पाय आला होता, दुसरा आत दुमडलेला. तेव्हापासून बोर्ड डब्यात घालण्याआधी मी तो उलटा करून चारही पाय टॉर्च लावून बघते. आणि डबा कुठे न्यायचा असेल तर तो आडवा ठेवून नेते, म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांत कूलरचा भार खुंट्यांवर लटकत नाही.

८. पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी.

जास्त लावली की उष्णता जास्त जाते हा गैरसमज. पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी बुजवणं. मात्र ज्या कूलरच्या तांब्याच्या नळ्या खालून उघड्या असतात आणि प्रोसेसरला थेट टेकतात, तिथे नळ्यांच्या मधल्या खाचा आधी पातळ बुजवून घ्याव्या. जुनी पेस्ट पुसायला औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या मलमलचा तुकडा. दुसरं काही नको.

माझ्या पिढीच्या प्रोसेसरबद्दल एक गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं. २०११ च्या मालिकेत इंटेलनं चिप आणि धातूचं झाकण यांच्यामध्ये डाक दिला होता. २०१२ च्या माझ्या मालिकेत तिथेही पेस्टच आहे. म्हणून कितीही भारी कूलर बसवला तरी आतले काही अंश उतरत नाहीत. त्यांच्या मागे लागून पैसे घालवू नयेत.

९. नागपूरचा मे महिना हिशोबात धरा.

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश, हे ठरवतो. माझा नवा कूलर पूर्ण भारावर खोलीच्या वर ३१ अंश ठेवतो. डिसेंबरात खोली २२ वर असते, प्रोसेसर ५३ वर. मे महिन्यात रेकॉर्डिंगसाठी खिडक्या बंद, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद, वरचा पंखा बंद. अर्ध्या तासात खोली ३८ वर जाते, प्रोसेसर ६९ वर. चालतं. पण दुसऱ्या गावच्या थंडीत कुणी काढलेले आकडे वाचून आपण कूलर घेतला, तर मे महिन्यात पंखा ओरडणार हे नक्की. म्हणूनच बिनपंख्याचा कूलर मी विचारातही घेतला नाही. मे महिन्यात मी पहाटे साडेचारला बसते.

१०. तीन पिना की चार, हे बघा.

चार पिनांच्या पंख्याला वेगाची आज्ञा वेगळ्या तारेवरून जाते. तीन पिनांच्या पंख्याला ती तार नसते, त्याचा वेग व्होल्टेज कमी करूनच उतरवावा लागतो. बरेच जुने बोर्ड प्रोसेसरच्या जागी व्होल्टेज कमी करतच नाहीत, मग तीन पिनांचा पंखा तिथे जोडला की तो कायम पूर्ण वेगानं पळतो.

बायोसमध्ये पंख्याचं पान असतं. माझ्या बोर्डात दर अंशामागे वेग किती वाढवायचा हा आकडा बदलता येतो, तो मी सगळ्यात कमी ठेवला. नाहीतर नुसती एक फाइल उघडली की तापमान दहा अंश उडतं आणि पंखा वर-खाली होत राहतो. एकसारखा आवाज कान विसरतो, बदलणारा विसरत नाही. काही बोर्ड पंखा ६०० फेऱ्यांच्या खाली गेला की बिघाड समजून सुरूच होत नाहीत, तिथे ती खालची मर्यादाही उतरवावी लागते.

११. प्रोसेसरलाच जरा आवरा.

हा उपाय फुकट आहे आणि मला सगळ्यात शेवटी सुचला. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो. माझा प्रोसेसर ३.६ ऐवजी ३.२ गिगाहर्ट्झवर थांबतो. एका तासाच्या प्रकरणाची एमपीथ्री व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण पंखा जागचा हलत नाही.

पाण्याच्या कूलरबद्दल बऱ्याच जणांनी सुचवलं. ७७ वॉटच्या प्रोसेसरला त्याची गरज नाही, आणि पंपाची स्वतःची गुणगुण कधीच थांबत नाही.

१२. आवाज गेला की दुसरे आवाज बाहेर येतात.

नव्या कूलरला ९२ चा सात पात्यांचा पंखा आहे, आणि तो रेकॉर्डिंगच्या वेळी ९०० फेऱ्यांवर असतो. हिशोब करा: १०५ हर्ट्झ. १२० च्या खाली कापलं की तो नाहीसा होतो. त्याच विद्यार्थ्याला नवं प्रकरण पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, आता पान उलटलेलं ऐकू येतं." मी पुस्तकाची पानं सुटी करून, टेबलावर पसरून वाचू लागले. मग त्या जुन्या हार्ड डिस्कची १२० ची रेघ कानात भरायला लागली, तीही काढून कपाटात ठेवली. फक्त महिन्याच्या शेवटी साठवणीपुरती जोडते.

१३. महिन्यातून एकदा शांतता रेकॉर्ड करा.

पहिल्या तारखेला मी एक मिनिटाची शांतता रेकॉर्ड करते आणि स्पेक्ट्रम जपून ठेवते. कॅबिनेटच्या झाकणावर आतून पेन्सिलनं पेस्ट लावल्याची तारीख लिहिली आहे. गेल्या मार्चमध्ये पंख्याची रेघ १०५ वरून ११७ वर सरकलेली दिसली. म्हणजे फेरे हजारावर गेले होते. कानाला काहीच कळलं नव्हतं. झाकण उघडलं तर पत्र्यांच्या तोंडाशी धुळीचा पातळ पापुद्रा, होळीच्या आदल्या आठवड्यात समोर घर पाडलं होतं त्याचा. पंखा सोडवून ब्रश फिरवला, झाकण लावलं, पुन्हा एक मिनिट गप्प बसले. रेघ १०५ वर.